सटवाई येण्याआधी

पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून. माझ्या पाचवीला पाट मांडला होता, बाळ मात्र घरात नव्हतं. मी आठव्या महिन्यातला, वजन १,६०० ग्रॅम. पुण्यातल्या एका इस्पितळात काचेच्या पेटीत होतो. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "पूर्वपुण्याई म्हणून वाचलास."

पुण्याईचं मला ठाऊक नाही, पेटीचं थोडं सांगता येईल.

नवजात बाळ थंडी वाजली की आपल्यासारखं कुडकुडत नाही. त्याची शेगडी निराळी. खांद्याच्या पात्यांमध्ये, मानेजवळ आणि मूत्रपिंडांभोवती त्याला तपकिरी चरबी असते. या चरबीच्या पेशींतलं एक प्रथिन इंधनातली ऊर्जा साठवू न देता थेट उष्णतेत उधळतं. पण ही चरबी भरते ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. लवकर आलेलं बाळ म्हणजे सरपण न भरताच पेटवलेली चूल. त्यात कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. चहा कपापेक्षा बशीत लवकर निवतो, तसंच हे. गारठलेलं बाळ ओढून पीत नाही, मग रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो.

म्हणजे मला हवी होती ती ऊब. ती मिळाली, कारण इस्पितळ रिक्षाने वीस मिनिटांवर होतं आणि तिथे वीज होती. यात माझं कर्तृत्व शून्य.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यातली २८ आठवड्यांच्याही आत आलेली घेतली, तर गरीब देशांत दहातली नऊहून जास्त पहिल्या काही दिवसांतच जातात. श्रीमंत देशांत हेच प्रमाण दहात एकापेक्षाही कमी आहे. फुप्फुसं तितकीच कच्ची, कातडी तितकीच पातळ, फरक फक्त पत्त्याचा. शिवाय महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. सटवाई पोचते तोवर बरंचसं लिहून झालेलं असतं.

जगल्यावरही पत्ता पाठ सोडत नाही. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने ११८ देशांची आकडेवारी तपासली. जगभरच्या माणसांच्या उत्पन्नांत जी तफावत आहे, तिचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या देशावरून उलगडतो. 'स्वतःच्या हिमतीवर वर आलो' म्हणणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हा आकडा मी लग्नकार्यात ऐकवत नाही, एवढंच.

पण पत्ता बदलता येत नसला, तरी ऊब पोचवता येते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एदगार रे यांच्या इस्पितळात पेट्या अपुऱ्या होत्या. त्यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली, कांगारूसारखी. पुष्कळांना हा गरिबांचा नाइलाज वाटला. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या इस्पितळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. भारतातलं इस्पितळ होतं दिल्लीचं सफदरजंग. बाळं १ ते १.८ किलोची, म्हणजे माझ्याच वजनाची. प्रकृती स्थिरावण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्यांपैकी २८ दिवसांत १२ टक्के गेली, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी १५.७ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

आणि गडचिरोलीच्या खेड्यांत तर जवळ इस्पितळही नव्हतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, श्वास मोजायचे, उबदार गुंडाळायचं, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हे काम आहे.

मला पेटीत ठेवलं, तेव्हा आईला दिवसातून दोनदा काचेतून दाखवत. हात लावायची परवानगी नव्हती. तेव्हा तसंच असायचं. परवा तिला सफदरजंगची हकिगत सांगितली. तिने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे दुसरी पेटी बाहेर बाकावर बसली होती म्हणायची."