पाटी नसलेली वेस : एका थरारनाट्यामागचा इतिहास

नाशिकच्या एका हौशी नाट्यसंस्थेत सध्या एका थरारनाट्याच्या तालमी चालू आहेत. कथा अमेरिकेतली. डोंगरातलं आडबाजूचं गाव, वस्ती सगळी गोऱ्यांची, आणि तिथे नोकरीला आलेली एक काळी शिक्षिका. तिच्यावर कुणी हात उगारत नाही, शिवी देत नाही. गाव फक्त एकेक करून तिच्याशी बोलायचं थांबतं. शेवटच्या अंकात तिला स्वतःच्याच आठवणी खऱ्या वाटेनाशा होतात.

असं गाव कल्पनेतून काढायची गरज नव्हती. ओरेगन राज्याच्या १८५७ च्या घटनेतच काळ्या माणसांनी तिथे येऊन राहू नये, असं कलम होतं. ते १९२६ साली मतदानाने रद्द झालं आणि वंशभेदाची उरलीसुरली भाषा घटनेतून काढायला २००२ उजाडलं. सूर्य मावळायच्या आत काळ्यांनी गाव सोडावं, हा दंडक तर अमेरिकेत ठिकठिकाणी होता. कुठे वेशीवर पाटी असायची, कुठे पाटीचीही गरज नसायची.

मराठी माणसाला अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नातं नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. १९७२ च्या दलित पँथरने नावच तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. काळाराम मंदिराच्या गावात याहून जास्त सांगायला नको.

तालमीत अडलं ते एका शब्दावर, आणि दोन आठवडे अडलेलंच होतं. ‘रेसिझम’ला मराठीत म्हणायचं काय? ‘वंशद्वेष’ अर्थाने बरोबर, पण बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. ‘वर्णद्वेष’ रुळलेला आहे. मात्र तो ऐकला की डोळ्यांपुढे जुन्या दक्षिण आफ्रिकेच्या बातम्या येतात आणि प्रेक्षक निर्धास्त होतो. शिवाय ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंगही आणि चातुर्वर्ण्यही, त्यामुळे शब्द दोन्हीकडे ओढला जातो. मग एकाने सरळ ‘जात’ सुचवली. त्यावर वाद पेटला आणि तो पेटायलाच हवा होता. जात म्हणजे वंश नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती समाजाने केलेली विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. २००१ साली डर्बनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशद्वेषविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न वंशद्वेषाच्या चर्चेत आणायला भारत सरकारने विरोध केला, तोही जात म्हणजे वंश नव्हे याच मुद्द्यावर. वाक्य तेच, पण एका ठिकाणी ते जात मोडण्यासाठी होतं आणि दुसऱ्या ठिकाणी जगापुढे तिची चर्चा टाळण्यासाठी. हा फरक मला फार मोठा वाटतो.

शेवटी रूपांतरकाराने तो शब्दच काढून टाकला. आता घरमालकीण चहाचा कप पुढे सरकवते आणि प्रेमाने विचारते, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” नाशिकमध्ये भाड्याने खोली शोधलेल्या माणसाला या प्रश्नापाठोपाठ आडनावाचा प्रश्न येणार, हे सांगावं लागत नाही. प्रसंग अंगावर येतो. तरीही माझं मत वेगळं आहे. निदान एकदा तरी कुणीतरी त्या गोष्टीचं नाव घ्यायला हवं होतं.

‘वाळीत टाकणं’ या शब्दावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. कारण तो इतिहास आपल्याच दाराशी आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा त्या पंथाचा अंतर्गत कारभार आहे, असं बहुमत पडलं. त्यानंतर पंचावन्न वर्षं वाळीत टाकलेल्या कुटुंबाला राज्यात त्यासाठीचा वेगळा कायदा नव्हता. जून २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच गळा आवळला आणि त्यामागच्या जातपंचायतीच्या दबावाची चर्चा सुरू झाली. मग ठिकठिकाणची माणसं बोलू लागली : दंड भरला नाही म्हणून रोटी-बेटी व्यवहार बंद, लग्नाचं आवतण नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मनाच्या जखमेचं तेवढं झालेलं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आघातोत्तर ताणाचा विकार १९८० साली आला, मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्यासाठी जिवावर बेतणारी किंवा तशीच भयंकर घटना लागते. वर्षानुवर्षं कुणी ओळख न दाखवणं त्या चौकटीत बसत नाही. आपल्याकडे ‘ट्रॉमा’ म्हटलं की महामार्गावरचं अपघाताचं रुग्णालयच आठवतं. पण आजी म्हणायची तो ‘धसका’ या नाटकाच्या जास्त जवळचा आहे. संहितेतही आता तोच शब्द आहे.

परवाच्या तालमीत दुकानदाराचं काम करणाऱ्याने सुटे पैसे शिक्षिकेच्या पुढे केलेल्या हातावर न ठेवता गल्ल्याच्या कडेला ठेवले. संहितेत तसं लिहिलेलं नव्हतं. लहानपणी गावात पाहिलं होतं, एवढंच तो म्हणाला. दिग्दर्शकाने ते ठेवलं.