युरोपियन पार्लमेंटला पिटिशन कशी करायची: कोण करू शकतं, काय कागदपत्रं लागतात आणि वेल्सच्या जिल इव्हान्स यांच्या कामातून काय कळतं

घरातला एखादा मोबाइलचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं, त्यात ‘सीई’ चं चिन्ह असतं आणि पुष्कळ चार्जरवर ‘रोहस’ असंही लिहिलेलं सापडतं. रोहस म्हणजे युरोपचा एक कायदा, इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूत शिसं, पारा, कॅडमियम असली विषारी द्रव्यं किती चालतील त्याची मर्यादा ठरवणारा. हा कायदा 2011 साली नव्यानं लिहिला गेला तेव्हा युरोपियन पार्लमेंटच्या बाजूनं तो पुढे नेण्याची जबाबदारी होती जिल इव्हान्स यांच्यावर. त्या वेल्सच्या खासदार, पक्ष प्लाइड कम्री, म्हणजे ज्यांना वेल्स ब्रिटनपासून वेगळा स्वतंत्र देश म्हणून हवाय तो पक्ष.

पिटिशनची माहिती द्यायची तर सुरुवात चार्जरपासून कशाला, असं वाटेल. पण मला नेहमी विचारतात की अहो तिकडे अर्ज करून होतं काय, ते सातशेच्या आसपास खासदार, त्यात आपलं कोण ऐकणार. म्हणून आधी तिथलं काम कसं चालतं ते एका माणसाच्या कामातून बघू आणि मग अर्जाकडे येऊ, कारण पद्धत कळली नाही तर अर्ज चुकीचा लिहिला जातो आणि चुकीच्या दारात जातो.

आधी कामाची पद्धत

जिल इव्हान्स 1999 ते 2020 अशी सलग एकवीस वर्षं खासदार होत्या. अख्ख्या वेल्सच्या वाट्याला शेवटी चारच खासदार, त्यातल्या त्या एक. त्यांचा पक्ष छोटा, म्हणून स्कॉटलंड, कॅटलोनिया, कॉर्सिका अशा ठिकाणच्या तशाच विचारांच्या पक्षांबरोबर युरोपियन फ्री अलायन्स आणि ती पुन्हा ग्रीन पक्षांबरोबर एका गटात. आता स्वतंत्र वेल्सचा ठराव काही ब्रसेल्समध्ये मांडता येत नाही, तो विषयच तिथल्या पार्लमेंटच्या हातात नाही. मग करायचं काय, तर समितीत बसून जे हातात आहे ते नीट करायचं.

तिथे प्रत्येक प्रस्तावासाठी समिती एक खासदार नेमते, त्याला रॅपोर्टर म्हणतात. मसुद्यात दुरुस्त्या सुचवणं, बाकीच्या गटांशी बोलणं, मग सरकारांच्या प्रतिनिधींबरोबर मजकुरावर घासाघीस करणं हे सगळं रॅपोर्टरनं करायचं. रोहसच्या वेळी ही जबाबदारी जिल इव्हान्स यांच्याकडे होती. 24 नोव्हेंबर 2010 ला मतदान झालं, बाजूनं 640, विरोधात फक्त 3, तटस्थ 12. छोट्या पक्षाच्या बाईंनी एवढी मतं गोळा केली ती भाषणं ठोकून नाही, महिनोन् महिने कलमावर कलम बसून केलेल्या कामातून. सगळं मिळालं असंही नाही, पीव्हीसीवरही बंदी हवी अशी त्यांची भूमिका होती, ती शेवटच्या मजकुरात टिकली नाही. पण जुना कायदा ठरावीक यादीतल्या वस्तूंपुरता होता तो हळूहळू जवळपास सगळ्याच इलेक्ट्रिक वस्तूंना लागू झाला, आणि मर्यादाही स्पष्ट, वजनाच्या 0.1 टक्का, कॅडमियमला 0.01 टक्का. आपल्याकडे 2011 चे ई-कचरा नियम 1 मे 2012 पासून लागू झाले त्यातही रोहसमधली त्या वेळची सहा द्रव्यं आणि त्याच मर्यादा होत्या. पुण्यात किंवा नाशकात कुणी युरोपला पाठवायचा इलेक्ट्रॉनिक माल बनवत असेल तर त्याला रोहस शब्द समजावून सांगायची गरजच नाही.

दुसरं काम मला जास्त जवळचं वाटतं. 11 सप्टेंबर 2018 ला त्यांचा डिजिटल युगातल्या भाषांच्या समानतेचा अहवाल पार्लमेंटनं 592 विरुद्ध 45 मतांनी मंजूर केला, 44 तटस्थ. मुद्दा साधा होता, की मशीन ट्रान्सलेशन, बोलून टाइप करणं, स्पेलचेक हे सगळं मोठ्या भाषांना मिळतं आणि वेल्शसारख्या भाषा मागे पडतात, तर त्यासाठी धोरण आणि पैसा हवा. ज्यानं ज्यानं मोबाइलला मराठीत काही सांगून बघितलंय आणि भलतंच उमटलेलं वाचलंय त्याला हे लगेच पटेल. पण इथे फरक लक्षात घ्या, रोहस हा कायदा आहे, तो पाळावाच लागतो, आणि भाषांचा हा ठराव आहे, त्यानं दबाव येतो, विषय टेबलावर येतो, पण तो कुणावर बंधनकारक नाही. तरी त्यानंतर युरोपियन लँग्वेज इक्वालिटी नावाचा प्रकल्प उभा राहिला, एकेका भाषेची डिजिटल अवस्था तपासणारा. हा फरक पिटिशन करताना फार उपयोगी पडतो कारण पिटिशनमधून कोर्टाचा हुकूम मिळत नाही, विषय टेबलावर येतो.

कोण अर्ज करू शकतं

हा हक्क युरोपियन युनियनच्या कामकाजाच्या कराराच्या कलम 227 मध्ये आहे आणि मूलभूत हक्कांच्या सनदेतही आहे, कलम 44. युनियनच्या 27 देशांपैकी कुठल्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, हे झालंच. पण नागरिक नसाल आणि तिथे राहत असाल तरीही करू शकता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर बर्लिनमध्ये नोकरी करणारा, आइंडहोवनला शिकणारी मुलगी, डब्लिनमध्ये नर्स म्हणून काम करणारी ताई, सगळे पात्र. कंपनी किंवा संस्थाही चालते, तिचं नोंदणीकृत ऑफिस युनियनमध्ये असलं पाहिजे, त्यामुळे तुमच्या शहरातलं मराठी मंडळ तिथल्या कायद्यानं रजिस्टर्ड असेल तर मंडळाच्या नावानंही अर्ज जातो.

गोव्यातल्या मंडळींनी हे नीट वाचा. 1961 च्या आधीच्या जन्मामुळे किंवा आईवडील, आजीआजोबांमुळे ज्यांनी रीतसर पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय ते युनियनचे नागरिक आहेत, आणि नागरिकाला राहण्याची अट नाही. ते कुठेही राहत असले तरी अर्ज करू शकतात.

भारतीय पासपोर्टवर ज्युरिक किंवा ऑस्लोत राहणारे यात बसत नाहीत, स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत. आणि भारतीय किंवा ब्रिटिश पासपोर्टवरचे लंडन, स्लाव, कार्डिफवालेही आता नाहीत. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं, त्यांचे 73 खासदार एका दिवसात घरी गेले, जिल इव्हान्सही त्यातच. ज्या लोकांसाठी त्या एकवीस वर्षं तिथे बसल्या त्यांचं हे दार बंद झालं याचं मला खरंच वाईट वाटतं. वेल्समध्ये राहणाऱ्यांना त्यांच्या सेनेडची, म्हणजे तिथल्या विधिमंडळाची, पिटिशन पद्धत आहे, तिथे 250 सह्या झाल्या की समिती विषय घेते आणि 10,000 झाल्या की सभागृहात चर्चेसाठी विचार होतो.

आणखी एक गोंधळ होतो तो सिटिझन्स इनिशिएटिव्हचा, म्हणजे सह्या गोळा करून युनियनकडे नवा कायदा मागायच्या पद्धतीचा. ते वेगळं. त्याला दहा लाख सह्या लागतात, किमान सात देशांतून, आणि सही फक्त युनियनचे नागरिकच करू शकतात. अल्पसंख्य भाषांसाठी मायनॉरिटी सेफपॅक नावानं असा प्रयत्न झाला, 11 लाखांवर सह्या भरल्या, पार्लमेंटनं डिसेंबर 2020 मध्ये पाठिंबाही दिला आणि जानेवारी 2021 मध्ये युरोपियन कमिशननं, म्हणजे कायद्याचे प्रस्ताव आणणाऱ्या युनियनच्या संस्थेनं, नवा कायदा आणायची गरज नाही म्हणून सांगितलं. पिटिशनला मात्र एक सही पुरते, तुमची.

विषय कुठला चालतो

इथेच बहुतेक अर्ज अडकतात. विषय युनियनच्या अखत्यारीतला हवा आणि त्याचा तुमच्यावर थेट परिणाम होत असला पाहिजे. पर्यावरण, ग्राहक हक्क, विमान प्रवाशांचे हक्क, नोकरीतला भेदभाव, पात्रतेची मान्यता, ब्लू कार्ड (बाहेरच्या देशातल्या उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) असे विषय चालतात. कोर्टाचा निकाल बदलून द्या म्हणाल तर चालत नाही, नुसती माहिती मागितली तर चालत नाही, आणि जे पूर्णपणे त्या देशाच्या हातात आहे तेही नाही.

माझ्या ओळखीतल्या एकानं ब्लू कार्डच्या उशिराबद्दल अर्ज लिहिला होता, पहिला मसुदा मला दाखवला. दोन पानं, त्यात काउंटरवरच्या बाईंचं बोलणं, थंडीतली रांग, घरी बायको किती वैतागली ते सगळं, आणि कायद्याचं नाव कुठेच नाही. राग खरा होता, मी काही त्याला खोटं म्हणणार नाही, पण समितीला त्यातून काय कळणार. मग आम्ही बसून पहिलीच ओळ बदलली, की ब्लू कार्डच्या निर्देशात, क्रमांक 2021/1883, पूर्ण अर्ज दिल्यापासून 90 दिवसांत निर्णय द्यायचा आहे, मी अमुक तारखेला पूर्ण अर्ज दिला, आज इतके दिवस झाले. त्याखाली तारखा ओळीनं. दोन पानांचं पाऊण पान झालं आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या वाक्यात कळतं की हा युनियनचा विषय आहे. (आयर्लंड आणि डेन्मार्क ब्लू कार्डमध्ये नाहीत, तिथल्यांनी हे उदाहरण जसंच्या तसं उचलू नका.)

तुमची तक्रार युनियनच्याच एखाद्या संस्थेच्या कारभाराबद्दल असेल तर पिटिशन नको, युरोपियन ओम्बड्समनकडे जा, तिथे प्रकार कळल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते.

कागदपत्रं आणि भाषा

फी नाही. वकील लागत नाही. ठरावीक नमुना नाही. पूर्ण नाव, राष्ट्रीयत्व आणि कायमचा पत्ता एवढं असलंच पाहिजे, आणि कागदावर पाठवणार असाल तर सही. बरेच जण मिळून करत असाल तर एक प्रतिनिधी नेमा, नाही नेमला तर पहिली सही करणारा प्रतिनिधी धरला जातो. पुरावे जोडा पण मूळ कागद पाठवू नका, कॉपीच.

भाषा युनियनच्या 24 अधिकृत भाषांपैकी एक हवी. इंग्रजी चालते, ब्रिटन गेलं तरी ती यादीत आहे. आणि दुसऱ्या भाषेतला अर्जही बघतात, सोबत अधिकृत भाषेतलं भाषांतर जोडलेलं असेल तर. म्हणजे मराठीत लिहून मागे इंग्रजी भाषांतर लावायला काही आडकाठी नाही, उत्तर मात्र त्या भाषांतराच्या भाषेत येणार. वेल्श त्या 24 मध्ये नाही. जिल इव्हान्स यांना वेल्शमध्ये सभागृहात बोलून तिचा रीतसर अनुवाद मिळेल अशी सोय कधीच नव्हती. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 350 आहे, केंद्राच्या कुठल्याही अधिकाऱ्याला किंवा ऑफिसला देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं लिहून द्यायचा हक्क त्यात आहे, आणि आपण तो किती कमी वापरतो.

अर्ज भरायचा कसा

सोपा रस्ता म्हणजे पार्लमेंटचं पिटिशन पोर्टल, ते 2014 पासून चालू आहे. आधी अकाउंट काढायचं, मग आपली माहिती, अर्जाचं शीर्षक, विषय आणि मजकूर. शीर्षक नीट द्या, ‘न्याय मिळावा’ असं नको, कुठला देश, कुठला कायदा, काय अडलंय ते एका ओळीत आलं पाहिजे. फाइल्स जोडा. पुढे नाव गुप्त ठेवायचं का आणि अर्ज जाहीर करायचा का असं विचारतात, तिथे घाईत टिक करू नका कारण अर्ज हा सार्वजनिक दस्तऐवज होतो, नाव छापून येऊ शकतं. नोकरीच्या ठिकाणचा विषय असेल तर गुप्त ठेवलेलं बरं, असं माझं मत. ईमेलनं पाठवलेला अर्ज धरत नाहीत. पोस्टानं पाठवायचा तर पिटिशन समितीच्या अध्यक्षांच्या नावे, युरोपियन पार्लमेंट, ब्रसेल्स, पूर्ण पत्ता पोर्टलवरून बघून घ्या.

पुढे काय होतं

अर्जाला नंबर आणि वर्ष मिळतं, तो जपून ठेवा, पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच. समिती आधी अर्ज स्वीकारार्ह आहे का ते ठरवते, नसेल तर कारण लेखी कळवतात आणि बऱ्याचदा दुसरं दार कुठलं तेही सांगतात. असेल तर साधारणपणे युरोपियन कमिशनकडे माहिती मागतात, कधी त्या देशाच्या सरकारला विचारतात, काही अर्ज समितीच्या बैठकीत चर्चेला येतात आणि अर्जदाराला बोलायला बोलावतात. स्वीकारलेल्या अर्जाचा सारांश पोर्टलवर येतो आणि बाकीचे लोक तिथे पाठिंबा देऊ शकतात, तेव्हा आपल्या ग्रुपवर लिंक टाका. यात महिने जातात, वर्षही जातं, तोवर तुमच्या देशातल्या अपिलाच्या मुदती थांबत नाहीत, त्यामुळे अपील करायचं असेल तर ते पिटिशनची वाट न बघता आधी करा.

आणि अर्ज गेला की तुमच्या भागातल्या खासदाराला नंबरसकट एक छोटी मेल टाका. पिटिशन समितीत कोण कोण आहे त्याची यादी पार्लमेंटच्या साइटवर आहे. प्रादेशिक पक्षाचा कुणी दिसला तर त्यालाही लिहा, छोट्या भाषेचा, छोट्या गावाचा विषय त्यांना दोनदा समजावून सांगावा लागत नाही.