फ्युजनची वीज येईल, पण ट्रिटियम कुठून आणायचं?

अणुसंमीलनाचं, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणाऱ्या फ्युजनचं, इंधन समुद्रात वाटेल तेवढं आहे असं नेहमी छापून येतं. ते अर्धंच खरं. समुद्रात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आहे. पण आजच्या बहुतेक आराखड्यांत त्याच्या जोडीला ट्रिटियम, म्हणजे त्याहूनही जड हायड्रोजन, लागतं, आणि ते निसर्गात नावापुरतंच सापडतं. शिवाय ते किरणोत्सारी. साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मं उरतं, म्हणजे साठवून ठेवायचीही सोय नाही.

जगातला नागरी साठा 25 किलोंच्या आसपास आहे. तो मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून काढलेला. (तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या याच जातीच्या.) संमीलनातून वर्षभर 1000 मेगावॉट उष्णता घ्यायची तर सुमारे 55 किलो ट्रिटियम खर्ची पडतं. जगाचा सगळा साठा ओतला तरी एक भट्टी सहा महिने चालायची नाही.

म्हणून भट्टीनेच आपलं ट्रिटियम पिकवायचं, असा बेत आहे. दोन अणुकेंद्रकं एक झाली की हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन सुसाट सुटतो. 80 टक्के ऊर्जा त्याच्याकडे असते. भट्टीच्या भिंतीमागे लिथियमचं अस्तर ठेवलं तर तो त्यावर आदळून ट्रिटियम देतो. अडचण हिशेबाची आहे. खर्च एक ट्रिटियम, हाती एकच न्यूट्रॉन, आणि काही न्यूट्रॉन तर नळ्यांत नि पोलादात वाया जाणारच. ती तूट भरायला बेरिलियम किंवा शिसं वापरून न्यूट्रॉनची संख्या वाढवावी लागते. कागदावर हे जमतं. पण असं पूर्ण अस्तर बसवून ट्रिटियमच्या बाबतीत स्वावलंबी झालेली फ्युजन भट्टी अजून जगात एकही नाही. त्यात हेच न्यूट्रॉन भिंतीचा धातू ठिसूळ करतात. भिंत बदलायची म्हणजे प्रकल्प बंद, आणि कर्जाचं व्याज मात्र चालू.

फ्युजनच्या विक्रमांच्या बातम्या या अडचणींपुढे फिक्या वाटतात. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर-फ्युजन प्रयोगशाळेत डिसेंबर 2022 मध्ये 2.05 मेगाज्यूल लेसरऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल निघाले, हे खरंच मोठं काम. मात्र लेसर पेटवायलाच 300च्या आसपास मेगाज्यूल वीज लागली होती. इंग्लंडच्या जेट या फ्युजन यंत्राने 2023 मध्ये पाच सेकंदांत 69 मेगाज्यूल दिले. युनिटांत मोजायचं तर जेमतेम 19, आणि तीही उष्णता. फ्रान्समधला आयटर हा आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्प, ज्याचं अवाढव्य क्रायोस्टॅट (यंत्राभोवतीचं निर्वात भांडं) भारताने बनवून दिलं, ड्युटेरियम-ट्रिटियमवर 2039च्या सुमाराला चालेल. वीज तोही बनवणार नाही.

खासगी कंपन्यांना एवढा धीर नाही. हेलियन कंपनीने मायक्रोसॉफ्टला 2028 पासून वीज देण्याचा करार केला आहे; माझा त्या तारखेवर विश्वास नाही. कॉमनवेल्थ फ्युजनचा व्हर्जिनियातला 400 मेगावॉटचा बेत जास्त पटतो, कारण त्यांच्या भट्टीतला तप्त वायू जखडून ठेवणाऱ्या 20 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) अतिसंवाहक चुंबकाची चाचणी 2021 मध्येच झाली आहे. त्यातली निम्मी वीज गूगलने आगाऊ घेऊन ठेवली आहे. रात्रंदिवस चालणाऱ्या डेटा सेंटरवाल्यांना चढा दर परवडेल. सौर लिलावात तीन रुपयांच्या आत युनिट मिळत असताना महावितरण मात्र या विजेच्या वाटेला इतक्यात जाणार नाही.