गोल्फ क्लबच्या कमिटीवर यायचंय? फॉर्म कुठे अडकतो ते आधी बघा

एजीएमचा, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचा, सीझन आला की गोव्यातल्या गोल्फ क्लबांत दरवर्षी तेच चालतं. विशी-पंचविशीतली मुलंमुली कमिटीसाठी उत्साहाने नॉमिनेशन, म्हणजे उमेदवारी अर्ज, भरतात, स्क्रुटिनीत (अर्जांच्या छाननीत) त्यातली बरीच बाहेर पडतात आणि मग सगळे म्हणतात की जुन्या लोकांना आम्ही नकोच आहोत. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण बहुतेक वेळा फॉर्म कागदावरच कच्चा असतो आणि तो कच्चेपणा आधी दोन महिने लक्ष दिलं तर टाळता येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक बघा, तुम्ही खेळता तिथे निवडणूक होते का? काणकोणात राजबागचा ९ होलचा कोर्स किंवा केळशीला मोबोरचा कोर्स, हे रिसॉर्टचे आहेत. तिथे मेंबरशिप घेतली म्हणजे खेळायला मिळालं, कमिटी निवडायचा हक्क मिळाला असं नाही, तिथला कारभार हॉटेलचं मॅनेजमेंट बघतं. कॅप्टन, ऑनररी सेक्रेटरी, ट्रेझरर ही पदं मेंबरांच्या स्वतःच्या क्लबात असतात, मग तो सोसायटी म्हणून रजिस्टर असो की कंपनी म्हणून. त्यामुळे पहिलं काम म्हणजे क्लबचं रजिस्ट्रेशन कशाखाली आहे ते विचारा आणि नियमावलीची, म्हणजे बायलॉजची कॉपी मागा. ऑफिसात टाळाटाळ झाली तर सोसायटीचे रजिस्ट्रारकडे दाखल झालेले कागद फी भरून बघता येतात, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. 'आमच्याकडे कॉपी नाही' हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

आता खरी मेख. तुम्ही मेंबर आहात म्हणजे नेमके कोण आहात? बाबा मेंबर, म्हणून तुम्ही लहानपणापासून कोर्सवर, कॅडी (खेळाडूंची बॅग उचलणारे) तुम्हाला नावाने ओळखतात, ज्युनिअर टूर्नामेंटचे कप घरात आहेत, पण रजिस्टरवर तुमच्या नावापुढे 'डिपेंडंट', म्हणजे मेंबरवर अवलंबून असलेला, असं लिहिलेलं असतं. डिपेंडंटला आणि ज्युनिअरला साधारणपणे मत नसतं, आणि ज्याला मत नाही तो उभाही राहू शकत नाही. बऱ्याच क्लबांत ठरावीक वयानंतर डिपेंडंटने स्वतःची वेगळी मेंबरशिप मागायची असते, त्याला मुदत असते आणि ती मुदत तुमच्या वाढदिवसापासून मोजतात, हे घरात कोणाला माहीत नसतं, कारण पत्र बाबांच्या नावाने येतं आणि ड्रॉवरमध्ये जातं. वय किती ते प्रत्येक क्लबचं वेगळं, म्हणून बायलॉज वाचा. हे कन्व्हर्जन, म्हणजे डिपेंडंटचं स्वतंत्र मेंबर होणं, मंजूर झालं असं तोंडी सांगितलं तरी कमिटीच्या ठरावाची तारीख आणि तुमचा नवा मेंबर नंबर लेखी घ्या. काही क्लबांत कन्व्हर्जननंतर काही काळ मेंबर राहिल्याशिवाय उभं राहता येत नाही, तो काळ त्या ठरावाच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही अर्ज दिल्यापासून नाही.

वयाचं सोपं आहे, १८ पूर्ण पाहिजेत. १६-१७ वर्षांच्या मुलांना ज्युनिअर कॅप्टन होता येतं, ज्युनिअर कमिटीत बसता येतं, पण बँकेच्या सहीचं किंवा करार करायचं पद घेता येत नाही. त्यात कमीपणा काही नाही, तिथेच स्कोअरबोर्ड, ड्रॉ, पेअरिंग (कोण कोणाबरोबर खेळणार ते ठरवणं), स्पॉन्सरशी बोलणं हे सगळं शिकायला मिळतं.

दुसरी अडचण थकबाकीची, आणि इथे फक्त तुमची बघून चालत नाही. १८६०च्याच संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही, मेंबर म्हणून मोजताही येत नाही. आता तुमचा प्रपोजर (नाव सुचवणारा) किंवा सेकंडर (अनुमोदन देणारा) असा निघाला तर? मडगावच्या एका मुलीचं हेच झालं. स्वतःचं सगळं चोख, नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, घेतलेला, फोटो, पॅन, सगळं फाईलला लावलेलं. सेकंडर म्हणजे वडिलांचे जुने मित्र, भला माणूस, पण त्यांचं बारचं आणि सबस्क्रिप्शनचं बिल एप्रिलपासून पडून होतं आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. स्क्रुटिनीच्या टेबलावर क्लार्कने लेजर उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विषय संपला, बिल तिथल्या तिथे भरायची परवानगी मागितली ती पण मिळाली नाही. माझं म्हणणं असं की ऑफिसला हे महिनाभर आधी दिसत होतं, एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण फोनची वाट बघू नका. तुमचं, प्रपोजरचं आणि सेकंडरचं, तिघांचंही नो ड्यूज काढा आणि शक्य असेल तर एक जास्तीचा सेकंडर तयार ठेवा. काकांकडे थकबाकीबद्दल विचारायला संकोच वाटतो, कळतं मला, तरी विचारा.

तारखेचा घोळ. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मग ऑडिट, मग एजीएम, म्हणजे ती बऱ्याचदा पावसात येते. पावसात कोर्स ओला, खेळणं कमी, क्लबात कोणी फिरकत नाही आणि नोटीस लागते बोर्डावर. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की अर्धा गोवा मूळ घरी, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधण्यात. नोटीस ईमेलवर येत असेल तर ऑफिसातला तुमचा आयडी तपासा, कॉलेजच्या काळातला जुना आयडी असेल तर नोटीस तिथेच पडून राहील. नियमात 'क्लिअर डेज' असं लिहिलेलं असेल तर सभेचा दिवस आणि फॉर्म द्यायचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. समजा सभा ३० ऑगस्टला आहे आणि नॉमिनेशन सात क्लिअर दिवस आधी पाहिजे, तर शेवटचा दिवस २२ ऑगस्ट, २३ नाही. २३ला फॉर्म घेऊन गेलेला मुलगा परत येतो आणि त्याला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. वेळही बघा, ऑफिस दुपारी बंद असतं, गोव्यात हे वेगळं सांगायला नको. फॉर्म दिल्यावर पोच घ्या, तारीख-वेळ-सही-शिक्का, आणि त्याचा फोटो लगेच स्वतःला पाठवून ठेवा.

पुण्यात, बेळगावात किंवा बेंगळुरूला शिकणाऱ्या नाहीतर नोकरी करणाऱ्यांसाठी: संमतीपत्रावर ओरिजिनल सही लागते, स्कॅन करून चिकटवलेली सही बहुतेक ठिकाणी चालत नाही. मे महिन्यात घरी आलात की कोरा फॉर्म घेऊन सही करून ठेवा, पण तारीख टाकू नका, तारीख नोटीस आल्यानंतरचीच लागते.

रहिवासी पुराव्याबद्दल एक गैरसमज आहे. क्लबने पत्त्याचा पुरावा मागितला की मुलं १५ वर्षांच्या रेसिडेन्स सर्टिफिकेटसाठी मामलेदार ऑफिसच्या मागे लागतात, आठवडे जातात. ते सर्टिफिकेट सरकारी नोकरी आणि अ‍ॅडमिशनसाठी असतं, क्लबच्या नॉमिनेशनला साधारणपणे आधार किंवा व्होटर आयडी पुरतं. बायलॉजमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर ते काढत बसू नका. मात्र नावाचं स्पेलिंग नीट बघा. आधारवर एक, जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं दुसरं, मेंबर रजिस्टरवर तिसरंच, ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट आहे. फॉर्मवर नाव रजिस्टरप्रमाणेच लिहा. जन्मदाखल्यावरचं नावच बदलायचं असेल तर १९९०च्या गोवा नाव-आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करावा लागतो, ते काम एका सीझनमध्ये होईल असं धरून चालू नका.

कॅप्टन किंवा हँडिकॅप कमिटीसाठी काही क्लब चालू हँडिकॅप मागतात, म्हणजे खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे, भारतात ती इंडियन गोल्फ युनियनच्या अखत्यारीत येते. पहिला हँडिकॅप मिळायला ५४ होलचे स्कोअर लागतात, म्हणजे १८चे तीन राऊंड किंवा ९चे सहा, आणि पुढे शेवटच्या २० स्कोअरमधले सर्वांत चांगले ८ धरतात. अडतं ते इथे: मार्करची (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्या सोबत्याची) सही नसलेलं कार्ड चालत नाही, एकट्याने खेळलेला राऊंड चालत नाही आणि कोर्सला रेटिंग, म्हणजे तो किती अवघड आहे याचा अधिकृत आकडा, नसेल तर तिथले स्कोअरच धरत नाहीत. जून लागायच्या आधी राऊंड उरका, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत कार्ड रिकामं आणि निवडणूक मधेच होऊन जाते. हँडिकॅप कमीच पाहिजे असं नाही, तो ५४ पर्यंत मिळतो, बायलॉजमध्ये मर्यादा असेल तरच प्रश्न. चांगला खेळाडूच चांगला सेक्रेटरी होतो असं कुठे आहे? पाण्याचं बिल, गवतावरची औषधं, कॅडींचे पैसे, हे प्रश्न ज्याला पडतात तो मुलगा कमिटीत पाहिजे. गोव्यातल्याच तेरेखोल गावात गोल्फ प्रकल्पाला गावाने केलेला विरोध ज्यांनी बघितलाय त्यांना खेळापलीकडचे हे प्रश्न जास्त सांगायला नकोत.

क्लब कंपनी म्हणून रजिस्टर असेल तर कमिटी मेंबर बहुधा डायरेक्टर धरला जातो, मग डिन (डायरेक्टरचा सरकारी ओळख क्रमांक), डिजिटल सही आणि लेखी संमती लागते. पॅन आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडकतं, आधी दुरुस्त करा.

बाकी फोटो, फी, फॉर्मच्या प्रती, हे नोटिशीत असतं तसं.

फॉर्म फेटाळला तर कारण लेखी मागा, त्याच दिवशी, आणि बायलॉजमधला कोणता नियम तेही लिहून मागा. 'तुम्ही अजून लहान आहात, पुढच्या वर्षी बघू' हे कारण होत नाही.

निवडून आलात तर सोसायटी असल्यास नव्या कमिटीची यादी, नाव, पत्ता, व्यवसाय यांच्यासकट, रजिस्ट्रारकडे द्यायची असते, १८६०च्या मूळ कायद्याच्या कलम ४ मध्ये एजीएमनंतर १४ दिवसांची मुदत आहे. हे सेक्रेटरीचं काम असलं तरी पोच दाखवा म्हणून मागे लागा. ती यादी गेली नाही तर बँक सह्या बदलत नाही, जुन्याच ट्रेझररच्या सहीने चेक जात राहतात आणि नवीन ट्रेझरर झालेल्या मुलीला कॅडींचे पैसे काढायलाही जुन्या माणसाला फोन करावा लागतो. यादीत तुमचं नाव आणि पत्ता बरोबर टाइप झालाय का तेही सही करण्याआधी वाचून घ्या.