शोल्डर रिग की गिंबल?

व्हिडिओ हलतोय म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: 'एखादं स्टॅबिलायझर घे.' या एका शब्दात शोल्डर रिग (कॅमेरा खांद्यावर टेकवायची चौकट) आणि गिंबल (मोटरींनी कॅमेरा सरळ ठेवणारं यंत्र) दोन्ही बसतात, आणि तिथेच घोळ होतो. माझ्याकडे दोन्ही आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून कधीच होत नाही.

आधी चित्र का हलतं ते पाहू. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, मुळात फोटोसाठी बनलेला. 2008 साली आलेल्या कॅनन 5डी मार्क टूने फुल एचडी व्हिडिओ दिला आणि त्यावर फिल्म करण्याची लाटच आली. पण फोटो काढताना डोळा व्ह्यूफाइंडरला टेकलेला असतो. दोन हात आणि चेहरा, असा तिहेरी आधार. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि कॅमेरा अंगापासून लांब धरून मागच्या स्क्रीनकडे पाहावं लागतं. चेहऱ्याचा आधार गेला. त्यात कॅमेरा हलका, म्हणून हाताची प्रत्येक बारीक थरथर चित्रात उतरते. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लाँग लेन्सवर सरळ खांबसुद्धा जेलीसारखे डुलतात.

शोल्डर रिग तो गेलेला आधार परत देते. खांद्यावर पॅड, समोर दोन हँडल, 15 मिलिमीटरचे दोन रॉड आणि त्यांवर कॅमेरा. स्क्रीनवर लूप (डोळा लावून पाहायचं भिंग) बसवलात तर डोळाही टेकतो. रिगमध्ये मोटर नाही, बॅटरी नाही. सगळी करामत वजनाची. जड वस्तू झटकन हलत नाही, म्हणून थरथर मरते. श्वासाची संथ हालचाल मात्र राहते, आणि मला ती हवी असते: समोरच्या माणसाजवळ कोणीतरी उभं आहे, असं त्यातून वाटतं.

गिंबलचं तत्त्वच वेगळं. कॅमेरा किती कलला हे त्यातला जायरो सतत मोजतो आणि पॅन (डावी-उजवीकडे वळणं), टिल्ट (वर-खाली झुकणं), रोल (बाजूला कलणं) या तिन्ही अक्षांवरच्या मोटरी उलट दिशेला फिरून तो सरळ ठेवतात. पण गिंबल फक्त कलणं आणि वळणं थांबवतो. चालताना प्रत्येक पावलाला अख्खा कॅमेरा वर-खाली होतो, तो हिंदकळा त्याला थांबवता येत नाही. गिंबल घेऊनही शॉट उसळतो अशी तक्रार येते ती यामुळे. त्यावर उपाय पायांत आहे: गुडघे किंचित वाकवायचे, टाच आधी टेकवून पाऊल हळूहळू पुढे रोल करायचं. लेन्स वाइड ठेवली की उरलेला हिंदकळाही कमी जाणवतो.

दुसरी मेहनत बॅलन्सिंगची. मोटर बंद असतानाच लेन्सचं तोंड सरळ समोर करून हात काढा. कॅमेरा तिथेच थांबला तर ठीक. लेन्स खाली आली तर कॅमेरा ज्यावर बसवलाय ती प्लेट जरा मागे सरकवा. मग रोल, मग पॅन. बॅलन्स नसेल तर मोटरी गुणगुणतात, चित्रात बारीक कंप येतो, बॅटरीही लवकर संपते. लांब होणारी झूम लेन्स फिरवली की वजन पुढे सरकतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

(गॅरेट ब्राउन यांनी 1970च्या दशकात बनवलेलं स्टेडिकॅम हे तिसरंच यंत्र. त्यात मोटर नाही, वजनांचा तोल आणि स्प्रिंगचा हात असतो.)

मग घ्यायचं काय? मी एकच प्रश्न विचारतो: रेकॉर्डिंग चालू असताना तुमचे पाय चालतात का? मुलाखत, भाषण, दोघांचा संवाद अशा ठिकाणी तुम्ही उभे असता आणि फोकस सतत हातात लागतो. तिथे रिग आणि तिच्यावर फॉलो फोकस, म्हणजे लेन्सचा फोकस फिरवायचं चाक. दारातून आत शिरणं, कुणाच्या मागे जिना चढणं, यासाठी गिंबल. पण गिंबल चालू असताना लेन्सला हात लावला की मोटरी भांबावतात, म्हणून भरवशाचा ऑटोफोकस किंवा वेगळी फोकस मोटर हवी.

गिंबलची वजनमर्यादा बघताना नुसती बॉडी मोजू नका. लेन्स, माइक, प्लेट सगळं धरा. रिग घेताना सगळं सामान चढवून ती दहा मिनिटं खांद्यावर ठेवा आणि मग हँडल सोडा. लेन्स खाली झुकली तर मागे काउंटरवेट (तोल साधणारं वजन) लावा, नाहीतर ते सगळं वजन तासभर तुमची मनगटं पेलतील.