दीर्घिका म्हणजे ताक घुसळणारी रवी नव्हे

‘दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा आणि वायूचा प्रचंड समूह) गरागरा फिरते, म्हणून लोखंडासारखी जड मूलद्रव्ये केंद्राशी गोळा होतात’ असे अनेक वर्षे फॉरवर्ड होत आले आहे. यातले निरीक्षण खरे आहे, कारण मात्र चुकले आहे.

सप्तर्षीतल्या एम१०१ या सर्पिल दीर्घिकेत केंद्राकडून कडेला जाताना ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे दहापट घटते (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियमहून जड ते सारे ‘जड’). पण गुरुत्वाकर्षण हायड्रोजन आणि लोखंड दोघांनाही सारख्याच त्वरणाने खेचते, आणि वायू सतत ढवळला जातो. मग जड तेवढे वेगळे होणार कसे? खरे कारण असे: मध्यभागी वायू दाट, त्यामुळे तिथे ताऱ्यांच्या जास्त पिढ्या जन्मल्या, मेल्या. प्रत्येक पिढीने पोटात शिजवलेली मूलद्रव्ये वायूत परत मिसळली.

जड मूलद्रव्यांचे फिरण्याशी नाते आहेच, आणि ते फार सुंदर आहे. सूर्य सेकंदाला सुमारे २३० किमी वेगाने आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो. सूर्य ज्या चपट्या तबकडीत आहे तिच्याभोवतीच्या विरळ गोलाकार प्रभामंडलातले जुने, जड मूलद्रव्ये कमी असलेले तारे एक समूह म्हणून जवळजवळ फिरतच नाहीत. ते तबकडी स्थिरावण्याआधीच्या काळातले.

पडताळायला प्रत्येक ताऱ्याचा एकच वर्णपट (त्याच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड, जिच्यात मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा दिसतात) पुरतो. रेषा किती सरकल्या त्यावरून तारा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कळतो, त्या किती ठळक आहेत त्यावरून (ताऱ्याचे तापमान धरून) मूलद्रव्यांचे प्रमाण.