घरातील संगीत स्ट्रीमिंग : लॅन केबल आणि वायफाय (खानदेश)

इंटरनेटवरचे किंवा घरच्या संगणकात साठवलेले गाणे राउटरपासून टीव्ही, स्मार्ट स्पीकर किंवा अँप्लिफायरला जोडलेल्या स्ट्रीमरपर्यंत (नेटवर्कवरून गाणे घेऊन वाजवणारी पेटी) नेण्याचे दोन मार्ग आहेत : लॅन केबल आणि वायफाय. ब्लूटूथ यात मोडत नाही. त्यात फोन थेट स्पीकरशी जोडला जातो.

गाण्याला वेग फारसा लागत नाही. सीडीच्या दर्जाचा ध्वनी (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल) सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट घेतो, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा ध्वनी डेटा दाबून लहान न करताही सुमारे ९.२ मेगाबिट. जुन्या लॅन पोर्टची क्षमताच १०० मेगाबिट असते. म्हणून खरा प्रश्न सातत्याचा आहे, आणि खानदेशात तो बराचसा भिंतींवर ठरतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती ऊन आत येऊ नये इतक्या जाड असतात. त्याच भिंती वायफायच्या लहरी शोषतात. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे लवकर दम तोडतो, २.४ गिगाहर्ट्झचा त्यापेक्षा आत पोहोचतो, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातले छोटे भाग) १, ६ आणि ११ असे तीनच, आणि शहरातल्या दाट कॉलन्यांमध्ये शेजाऱ्यांचे राउटरही त्यांवरच असतात. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. त्यात फायबरवाला राउटर बहुधा दाराजवळच्या खोलीत बसवून जातो आणि गाणी ऐकली जातात मागच्या घरात. हळदीच्या दिवशी अंगणात आणि आत एकच अहिराणी गाणे लावले, की कमजोर वायफायवरचा एक स्पीकर मागे पडतो.

केबलने आवाज मात्र गोड होत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. नेटवर्कवरून आकडे येतात. हरवलेला तुकडा सहसा पुन्हा मागवला जातो आणि बफरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या साठ्यात, जमून मग वाजतो. वायफायने आलेले आकडे आणि केबलने आलेले आकडे तेच. केबल फक्त गाणे अडकू देत नाही. ‘संगीतासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या लॅन केबलवर पैसे घालवण्यापेक्षा ते चांगल्या स्पीकरवर घालावेत. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत पुरते. ती पूर्ण तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण लवकर तुटते.

घरापासून शेतातल्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर तिचा झटका दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो. तिथे फायबर (वीज न वाहणारी काचेची तार) किंवा समोरासमोर बसवलेले बाहेरचे वायफाय संच वापरतात.

वीज गेली तर राउटर बंद पडून दोन्ही मार्ग थांबतात. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. स्पीकरला मात्र वेगळा इन्व्हर्टर लागतो.